सान हुआन बाउतिस्ता: चर्चच्या बाजूच्या कड्यापासून बघायचं गाव

बे एरियात नवीन आलेल्या मराठी घराची पहिली दोन वर्षं ठरल्यासारखी जातात. गोल्डन गेट होतो, योसेमिटी होतं, मॉन्टेरेचा समुद्र होतो. मग भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि तीच यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होते. मॉन्टेरेला जाताना १०१ हायवेवर गिलरॉयच्या पुढे १५६ पूर्वेचा फाटा लागतो. त्या फाट्यावर तीनेक मैल आत सान हुआन बाउतिस्ता आहे. वस्ती जेमतेम दोन हजारांची. मी स्वतः सात वर्षं त्या पाटीसमोरून सुसाट गेले. आठव्या वर्षी सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागले, 'आज समुद्र नको' म्हणाले, म्हणून गाडी आत वळवली. त्यानंतर पाहुणे आले की मी आधी इथेच आणते.

गाव एका दिवसात पायी बघून होतं, पण क्रम चुकला तर दोन तासांत 'झालं की बघून' असं वाटून माणसं परत निघतात. जुनं चर्च, जुनी घरं, चार दुकानं, फोटो, चला. तसं होऊ नये म्हणून हा क्रम.

कोणता दिवस धरायचा

महिन्याचा पहिला शनिवार सगळ्यात चांगला. त्या दिवशी चौकात जुन्या काळचे कपडे घातलेले स्वयंसेवक असतात. ते हातातलं काम करत करत माहिती सांगतात, मुलांच्या प्रश्नांना कंटाळत नाहीत. आठवड्याच्या सुरुवातीला आलात तर बरीच दुकानं बंद दिसतील. शनिवारचा तोटा एकच. इथलं मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्रींनी धर्मप्रसारासाठी वसवलेलं ठाणं, हे नुसतं संग्रहालय नाही, नांदतं चर्च आहे. शनिवारी आत लग्न असू शकतं आणि रविवारी सकाळी प्रार्थना. आम्ही एकदा नेमके नवरी गाडीतून उतरत असताना पोहोचलो. मग तासभर बागेत बसलो आणि लग्नघरच्यांसारखे सगळ्यांचे कपडे बघितले. निघण्याआधी मिशनच्या आणि राज्य उद्यानाच्या, म्हणजे चौकाभोवतीच्या जुन्या इमारतींच्या, वेळा त्याच आठवड्यात तपासा. दोन्ही जागा शेजारीशेजारी असल्या तरी कारभार वेगळा आहे आणि तिकिटंही वेगळी.

ऋतूचं म्हणाल तर इथले डोंगर दिवाळीत वाळलेले असतात आणि संक्रांतीला हिरवे. पाऊस हिवाळ्यातच पडतो, हे नव्या माणसाच्या अंगवळणी पडायला वर्ष जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतांच्या बांधावर रानमोहरी फुलते, तेव्हा या बाजूला यावं. उन्हाळ्यात सकाळी धुकं, दुपारी कडक ऊन आणि चारनंतर अंगाला झोंबणारा वारा, असं एकाच दिवसात सगळं मिळतं. ज्येष्ठांसाठी शाल आणि टोपी, दोन्ही घ्या.

२१ डिसेंबरच्या आसपासचे दिवस खास. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाला उगवत्या सूर्याची तिरीप चर्चच्या दारातून आत शिरून थेट वेदीपर्यंत जाते. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. फक्त थंडीत भल्या पहाटे घर सोडायची तयारी हवी, आणि त्या सकाळच्या प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यायला हवेत.

पोहोचायचं कसं

सॅन होजेहून १०१ दक्षिणेला साधारण पंचेचाळीस मैल, रस्ता मोकळा असेल तर तासाभराचा. शुक्रवारी संध्याकाळी निघायची चूक करू नका. मॉर्गन हिलपर्यंतच जीव जातो.

फोनवर पत्ता टाकताना पूर्ण नाव टाका. नुसतं 'सान हुआन' टाकून पहिलं नाव दाबलंत तर सान हुआन कापिस्त्रानो निघू शकतं. तेही मिशनचंच गाव, पण लॉस एंजलिसच्याही खाली, इथून साडेतीनशे मैलांहून लांब. आणि १५६ चे दोन फाटे आहेत. आपल्याला पूर्वेचा हवा. पुढे प्रूनडेलला लागतो तो पश्चिमेचा, मॉन्टेरेकडे नेणारा. उच्चाराची काळजी करू नका. स्पॅनिश 'ज'चा 'ह' होतो, पण गाववाले इंग्रजी बोलताना सरळ 'सॅन वॉन' म्हणतात.

गिलरॉय आलं की काचा खाली करा. लसणाचं गाव आहे. हंगामात वासावरूनच कळतं. मागच्या सीटवर मुलं असतील तर त्यांना हायवेच्या कडेच्या घंटा मोजायला सांगा. वरून आकड्यासारखा वाकवलेला लोखंडी खांब आणि त्याला टांगलेली घंटा, अशी ती खूण आहे. जुन्या 'एल कामिनो रेआल'ची, म्हणजे राजरस्त्याची. अशा घंटा १९०६ पासून लावत आले आहेत. या रस्त्याने दक्षिणेच्या सान दिएगोपासून उत्तरेच्या सोनोमापर्यंतची एकवीस स्पॅनिश मिशनं जोडलेली होती. आपलं गाव त्यातलं पंधरावं.

१५६ वरून डावीकडे 'द अलामेडा' नावाच्या रस्त्याला वळलात की गावात शिराल. इथून पुढे गाडी अगदी हळू. कारण कोंबड्या. गावात मोकळ्या कोंबड्या-कोंबडे फिरतात. फुटपाथवर, दुकानांच्या दारात, कधी रस्त्याच्या मधोमध. सासूबाईंना आख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हे. त्यांना खायला मात्र घालू नका.

पहिला थांबा: कडा

गाडी चौकाजवळ लावा. समोर मिशनची लांबलचक कमानदार पडवी दिसेल, तिच्या उजव्या टोकाला चर्च. सगळे तिकडेच जातात. तुम्ही चर्चला डावीकडे ठेवून पुढे चालत जा. पन्नास-शंभर पावलांवर जमीन संपते आणि खाली भाजीपाल्याची सपाट शेतं पसरलेली दिसतात. या छोट्याशा कड्यावर दहा मिनिटं उभं राहा.

तुमच्या पायाखालून सान आंद्रेआस भ्रंश, म्हणजे जमिनीतली मोठी भेग, जातो. हा उंचवटाच मुळात त्या भेगेने तयार झालेला आहे. तुम्ही उभे आहात तो भाग पॅसिफिक भूपट्टावर आणि खालची शेतं उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर. सॅन फ्रान्सिस्को जमीनदोस्त करणारा १८ एप्रिल १९०६ चा भूकंप आठवा. त्यात जमीन उत्तरेला मेंडोसिनो भूशिरापासून दक्षिणेला इथपर्यंत फाटली, जवळजवळ पावणेपाचशे किलोमीटर. ती फाट या गावाच्या आसपास येऊन थांबली. इथून दक्षिणेकडे हाच भ्रंश वेगळा वागतो. एकदम झटका देण्याऐवजी तो बारा महिने तीळ-तीळ सरकत राहतो. शास्त्रज्ञ या पट्ट्याला सरकता भाग म्हणतात.

याच कड्याच्या पायथ्याशी एक कच्ची वाट दिसेल. तो मूळ राजरस्त्याचा तुकडा. हायवेवरच्या घंटा ज्याची आठवण करून देतात तो रस्ता इथे खरोखर मातीचा उरला आहे. पाद्री येताना मोहरीचं बी उधळत आले, म्हणजे पुढच्या वर्षी पिवळ्या फुलांवरून वाट सापडावी, अशी दंतकथा सांगतात. खरी असो-नसो, फेब्रुवारीत इथे उभं राहून ती ऐकायला छान वाटते.

मिशनची स्थापना २४ जून १७९७ ला झाली, फादर फेर्मिन लासुएन यांच्या हातून. २४ जून हा सेंट जॉन द बाप्टिस्टचा सण, म्हणून हे नाव. तिकडे पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. पाण्याची सोय, सुपीक खोरं, उंचावरची कोरडी जागा, सगळं बघून पाद्रींनी हा कडा निवडला. कडा कशामुळे तयार झालाय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. भूगर्भातल्या भ्रंशाची कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. त्यांनी त्यावर कच्च्या मातीच्या विटांच्या भिंती उभारल्या. किल्लारीनंतर आपल्याला कोणी सांगावं लागत नाही, जाड मातीची भिंत हलली की काय होतं ते.

दुसरा थांबा: ऑलिव्हच्या झाडांमागची जागा

कडा आणि चर्च यांच्या मधे, भिंतीच्या आत, एक जुनी दफनभूमी आहे. तिथे फार थडगी दिसत नाहीत. ऑलिव्हची झाडं, गवत, थोडे क्रूस. इथे चार हजारांहून जास्त मूळ रहिवासी पुरलेले आहेत. बहुतेकांच्या नावाचा दगडसुद्धा नाही.

हे लोक मुत्सुन. पाद्री येण्याआधी हे खोरं त्यांचं होतं. बाप्तिस्मा घेतला की मिशनमध्येच राहायचं, ठरल्या वेळी काम आणि प्रार्थना, परवानगीशिवाय निघून जायचं नाही, आणि गेलं तर शिपाई पाठवून परत आणायचे, अशी ती व्यवस्था होती. गोवर आणि इतर परके रोग त्यांच्यात वणव्यासारखे पसरले. मिशनचं देखणं चर्च बांधलं ते याच लोकांनी. म्हणून मी म्हणते, ही जागा चर्चच्या आधी बघा. आतून बाहेर येऊन बघितली तर ती नुसती बाग वाटते.

याच गोष्टीला एक वेगळा धागाही आहे. फेलिपे आरोयो दे ला क्वेस्ता नावाचे पाद्री १८०८ पासून पंचवीस वर्षं इथे होते. त्यांनी मुत्सुन भाषा शिकून तिचं व्याकरण आणि शब्दांच्या, वाक्यांच्या नोंदी लिहून काढल्या. आपल्याला लगेच गोव्यातले फादर स्टीफन्स आठवतात. त्यांनीही कोकणीचं व्याकरण लिहिलं होतं. धर्म पसरवायला आलेल्या माणसाने भाषा मात्र मनापासून शिकावी, हा गुंता दोन्हीकडे सारखाच. पुढे शंभर वर्षांनी असेन्सिओन सोलोर्सानो या वृद्ध बाईंकडे ती भाषा अस्खलित उरली होती. १९२९ मध्ये जॉन हॅरिंग्टन हे भाषाअभ्यासक त्यांच्या आजारपणात उशाशी बसून शब्द, औषधी वनस्पती, गोष्टी टिपून घेत राहिले. जानेवारी १९३० मध्ये बाई गेल्या. आज मुत्सुन वंशाचे लोक या दोन्ही नोंदींवरून आपली भाषा पुन्हा शिकत आहेत.

तिसरा थांबा: चर्च

आता आत जा. प्रवेश पडवीतल्या दुकानातून असतो. थोडी फी आहे, सुटे पैसे जवळ असले तर बरं. आधी बाग आणि पडवीतल्या खोल्या लागतात, शेवटी चर्च.

बांधकाम १८०३ ला सुरू झालं आणि १८१२ ला संपलं. आत तीन समांतर दालनं आहेत, मधलं मोठं आणि दोन बाजूंना दोन. कॅलिफोर्नियाच्या मिशनांमध्ये एवढं रुंद चर्च दुसरं नाही. १९०६ च्या भूकंपात दोन्ही बाजूंच्या भिंती कोसळल्या. त्या पूर्ण पूर्वीसारख्या व्हायला १९७० चं दशक उजाडलं. तरी १८१२ पासून इथली प्रार्थना थांबलेली नाही.

आत चार गोष्टी शोधा. मुलांना हेच काम द्या.

पहिली, जमीन. लाल फरशांवर प्राण्यांच्या पावलांचे ठसे आहेत. ओल्या फरशा उन्हात वाळत घातलेल्या असताना जनावरं त्यावरून गेली. आपल्या अंगणात नुकत्या सारवलेल्या जमिनीवर कुत्रं जातं तसंच. फक्त इथे ते भट्टीत भाजून निघालं आणि दोनशे वर्षं टिकलं.

दुसरी, बाजूच्या दारातलं मांजराचं भोक. दाराच्या खालच्या भागात मांजर जाईल एवढी गोल जागा कापलेली आहे. उंदरांवर इलाज.

तिसरी, वेदीमागची रंगीत पडदी. ती रंगवली टॉमस डोक याने, १८१८ मध्ये. हा बोस्टनचा खलाशी. मॉन्टेरेला जहाज सोडून पळाला आणि इथे राहिला. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला पहिला अमेरिकन म्हणून त्याचं नाव घेतात. त्याने हे काम राहण्या-जेवण्याच्या बदल्यात केलं. परदेशात आल्या आल्या मिळेल त्या कामावर हो म्हणणाऱ्यांचा हा आद्य पुरुष! पडदीसमोर उभं राहून नवऱ्याने हे मला ऐकवलं, आणि त्याच्या पहिल्या काँट्रॅक्टची आठवण असल्यामुळे मी हसले नाही.

चौथी गोष्ट संग्रहालयात आहे. हाताने दांडा फिरवून वाजवायची इंग्लंडमधली पेटी, बॅरल ऑर्गन. आत खिळे ठोकलेला दंडगोल फिरतो आणि ठरलेल्या चाली वाजतात. एकदा बाहेरच्या टोळीने मिशनवर हल्ला केला तेव्हा पाद्रींनी ही पेटी वाजवली आणि हल्लेखोर आवाजाने चक्रावले, अशी आख्यायिका आहे. संगीताची परंपरा मात्र खरीच. फादर एस्तेवान तापिस इथल्या मुलांच्या गायनवृंदाला शिकवायचे. वेगवेगळ्या आवाजांसाठी वेगवेगळ्या रंगांचे सूर लिहायचे, म्हणजे आपला रंग बघून गायचं.

सिनेमाची आवड असलेले लोक इथे येऊन वर मान करून उंच मनोरा शोधतात. हिचकॉकच्या १९५८ च्या 'व्हर्टिगो'त तो आहे, इथे नाही. चित्रीकरण इथेच झालं, पण तो मनोरा पडद्यासाठी रचलेली करामत. चौकातला तबेला मात्र अस्सल, त्याच चित्रपटात दिसलेला.

चौथा थांबा: चौक

मिशनसमोरचं हिरवं मैदान हा मूळ स्पॅनिश चौक, आणि त्याच्या भोवतीच्या इमारती हे राज्य ऐतिहासिक उद्यान. हे सगळं एवढं शाबूत का राहिलं? कारण पैसा निघून गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथून घोड्यांच्या टपालगाड्यांची वर्दळ होती. खाणावळी, दारूचे गुत्ते, तबेले, सगळं जोरात. मग रेल्वे आली ती गावाला वगळून. १८७४ मध्ये सान बेनितो परगणा वेगळा झाला तेव्हा मुख्य ठाणं हॉलिस्टरला गेलं. गावाबाहेरून बायपास गेला की जुन्या एसटी स्टँडसमोरची बाजारपेठ कशी बसते, ते आपण पाहिलं आहे. इथे नवीन बांधायला कोणाकडे पैसे नव्हते, म्हणून जुनं पाडलं गेलं नाही.

सगळ्या इमारती सारख्या वेळ देऊन बघू नका. तुरुंगाची खोली आणि लोहारशाळा पाच-पाच मिनिटांत होतात. तबेल्यात जुन्या बग्ग्या आहेत, मुलं तिथे रमतात. प्लाझा हॉटेलचा तळमजला १८१४ मध्ये स्पॅनिश शिपायांच्या राहण्यासाठी बांधलेला. आंजेलो झानेत्ता या इटालियन माणसाने त्यावर मजला चढवून १८५८ मध्ये हॉटेल उघडलं.

कास्त्रो-ब्रीन वाड्यात मात्र थांबा. १८३८-४० च्या सुमारास, मेक्सिकोच्या राज्यात, होसे कास्त्रो या लष्करी अधिकाऱ्याच्या घराण्याने बांधलेला हा मातीच्या विटांचा वाडा. १८४८ मध्ये इथे पॅट्रिक आणि मार्गारेट ब्रीन सात मुलांसह आले. हे डॉनर तांड्यातले. १८४६ च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या बर्फात तो तांडा अडकला, जवळजवळ निम्मी माणसं मेली, आणि जगलेल्यांपैकी काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन जीव धरला. पॅट्रिकने त्या दिवसांची रोजनिशी ठेवली होती. ब्रीनांचं आख्खं कुटुंब, नऊच्या नऊ, वाचलं. अंगावर पिणारी इसाबेलासुद्धा. ती १९३५ पर्यंत जगली, तांड्यातली शेवटची व्यक्ती. इथे पोहोचले तेव्हा त्यांच्याकडे काही नव्हतं. कास्त्रोने राहायला जागा दिली. पुढे मोठा मुलगा जॉन सोन्याच्या खाणींकडे गेला, सोनं घेऊन परतला आणि त्यातून हाच वाडा विकत घेतला. स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या बघताना ही गोष्ट माहीत असली म्हणजे जाड भिंती आणि चुलीची ऊब यांचा अर्थ वेगळा लागतो.

मग झानेत्ताचं घर. आज वर नाचाचा दिवाणखाना, खाली सजवलेल्या खोल्या, सगळं ऐटबाज. १८६८ मध्ये बांधलं तेव्हा झानेत्ताला वाटत होतं, परगण्याचं ठाणं इथे येईल आणि ही कचेरी होईल. ते हुकलं. पण त्याआधी याच जागेवर मिशनच्या अविवाहित मूळनिवासी मुलींची राहण्याची इमारत होती, रात्री बाहेरून कुलूप लावायची. तिच्याच विटा या घराच्या तळमजल्यात वापरल्या असं मानतात. सकाळी दफनभूमी आधी बघायला लावली त्याचं हे दुसरं कारण.

ज्येष्ठ मंडळींना वरच्या मजल्यांचे जिने त्रासदायक वाटतील. त्यांना बाहेरच्या बाकांवर बसू द्या. कोंबड्या सोबतीला असतातच.

जेवण

चौकापासून एक गल्ली ओलांडली की थर्ड स्ट्रीट, गावाची पेठ. जुन्या वस्तूंची दुकानं आणि मेक्सिकन खाणावळी. एकीला चांगली म्हणून दुसरीवर अन्याय करत नाही. अंगणात झाडाखाली टेबलं असलेली निवडा.

शाकाहारी असाल तर तीन प्रश्न विचारायचे. घोटलेल्या घेवड्यात 'मांतेका' आहे का? ही डुकराची चरबी, नुसतं 'मांस नाही ना' विचारलं तर तिचा उल्लेख होत नाही. केशरी भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय का? 'काल्दो दे पोयो' म्हणजे तेच पाणी. आणि तामालेचं पीठ कशात मळलंय? त्यातही बहुधा तीच चरबी. वाढणारी मुलं-मुली हसून खरं सांगतात. नोपालेस मिळाले तर घ्या. निवडुंगाच्या पानांची भाजी, थोडी आंबट, थोडी भेंडीसारखी बुळबुळीत. मक्याची गरम तोर्तिया आईंच्या हातात दिली की पहिला प्रश्न येतो, "ही थापली की लाटली?" उत्तर माहीत करून ठेवा: गोळा दोन पाट्यांमध्ये दाबतात.

नाटकवाल्यांसाठी

गावात 'एल तेआत्रो कांपेसिनो' ही नाटक मंडळी आहे, म्हणजे शेतमजुरांचं थिएटर. १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप पेटला होता. सेसार चावेस यांची संघटना उभी राहत होती. त्या संपात लुइस वाल्देस या तरुणाने मजुरांनाच नट बनवलं. गळ्यात पाटी अडकवायची: हा मालक, हा मुकादम, हा संपफोड्या. चेहऱ्यावर मुखवटा. रंगमंच म्हणजे ट्रकचा उघडा हौदा, शेताच्या बांधाला लावलेला. लिहिलेली संहिता नाही, दहा-पंधरा मिनिटांचे प्रवेश, हजरजबाबीपणावर चालणारे. हे वाचून अण्णा भाऊ साठे आणि लाल बावटा कलापथक आठवलं नाही तर नवल. आपल्या वगातला सोंगाड्या इथे आला असता तर त्याला भाषा सोडून काहीच शिकावं लागलं नसतं.

१९७१ पासून मंडळी या गावात आहे. त्यांचं नाट्यगृह म्हणजे फळं-भाजी भरायची जुनी शेड. डिसेंबरमध्ये मिशनच्या चर्चमध्येच नाताळचं नाटक करण्याची त्यांची परंपरा आहे: एका वर्षी मेंढपाळांचं, पुढच्या वर्षी ग्वादालुपेच्या मातेचं, म्हणजे मेक्सिकोतल्या मेरीमातेचं. स्पॅनिश कळत नसलं तरी अडत नाही. सैतानाच्या एन्ट्रीला पुढच्या बाकावरची मुलं आईच्या पदराआड जातात, म्हणजे स्वेटराआड. प्रयोग चालू आहेत का ते आधी बघा आणि तिकीट मिळत असेल तर त्याच दिवसाभोवती बाकी सहल आखा.

दुपार: वर की पूर्वेला

तीन वाजता दोन पर्याय उरतात. दोन्ही एकाच दिवशी करू नका.

गावातून दक्षिणेला सान हुआन कॅन्यनचा वळणावळणाचा रस्ता अकरा मैल चढून फ्रेमाँट शिखराच्या उद्यानात जातो. उंची ३,१६९ फूट, रायगडापेक्षा थोडी जास्त, पण गाडी बरीच वर जाते. शेवटचा टप्पा पायी, माथ्याजवळ खडकावरून चढायचं. वरून स्वच्छ दिवशी मॉन्टेरेचा उपसागर दिसतो. मार्च १८४६ मध्ये जॉन फ्रेमाँट हा अमेरिकन कॅप्टन साठेक माणसं घेऊन इथे चढला, ओंडक्यांची तटबंदी केली आणि मेक्सिकोच्या हद्दीत अमेरिकेचा झेंडा लावला. खाली सैन्य जमवत होता तोच होसे कास्त्रो, वाड्यातला. तीन-चार दिवसांनी फ्रेमाँटने एकही गोळी न झाडता गड सोडला. झेंड्याचा खांब कोसळला तेव्हा त्याने तो अपशकुन मानला, असं सांगतात. वर तीस इंची दुर्बिणीची वेधशाळा आहे. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात काही शनिवारी रात्री ती लोकांसाठी उघडतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी या रस्त्यावर पुढच्या सीटवर बसावं.

दुसरा पर्याय हॉलिस्टर, १५६ ने पूर्वेला दहा मिनिटांवर. सकाळी कड्यावर जे नुसतं ऐकलं ते तिथे डोळ्यांनी दिसतं. हॉलिस्टरच्या जुन्या वस्तीतून कॅलावेरास हा दुसरा सरकता भ्रंश जातो. सहाव्या रस्त्याच्या आणि लोकस्ट गल्लीच्या आसपास फुटपाथच्या कडा बघत चाला. सरळ जाणारी काँक्रीटची कड मधेच एका बाजूला सरकलेली, कुंपणाच्या बुटक्या भिंती वाकलेल्या, आणि त्यामागे माणसं निवांत बागेला पाणी घालत असतात. ही लोकांची राहती घरं आहेत. रस्त्यावरूनच बघा, अंगणात शिरून फोटो नकोत. माझ्या मुलीने वाकलेल्या कडेच्या दोन टोकांवर दोन पाय ठेवून विचारलं होतं, "आई, मी आत्ता सरकतेय?"

पिनॅकल्सचं राष्ट्रीय उद्यान इथून जवळ आहे म्हणून कोणी तेही जोडायला सांगेल. ऐकू नका. त्याला वेगळा दिवस, भरपूर पाणी आणि पहाटेची सुरुवात लागते.

परत

रविवार असेल तर चार ते सात या वेळात १०१ वर उत्तरेला जाऊ नका. मॉन्टेरेहून परतणारी आख्खी सिलिकॉन व्हॅली तेव्हा रस्त्यावर असते. चारच्या आत निघा, नाहीतर थर्ड स्ट्रीटवर लवकरचं जेवण करून सातनंतर. राहिलात तर दिवे लागायच्या सुमारास चौकात या. कोंबड्या आपापल्या झाडांवर चढायला लागतात, आणि कोणती कोणत्या फांदीवर यावरून त्यांची रोज भांडणं होतात.